दादाने पाठवलेला मासा

प्रिय दादा,

वहिनीच्या हाती पाठवलेला मासा मिळाला. “नदीत नवीनच जात आलीय, जाळं भरून निघतं,” असं तू म्हणालास म्हणे. वहिनी इतकी खुशीत होती की खरं सांगायला माझी जीभच रेटेना.

अरे, तो माझ्या तळ्यातला परदेशी मासा! एकदा तरी बघायला आला असतास तर ओळखला असतास. पडेल ते खातो, झपाट्याने वाढतो. त्याच्याच जिवावर माझं घर सावरलं. पुरात बांध फुटून काही नदीत निसटले, तरी मी निर्धास्त होते. पिल्लं विकणाऱ्या त्या मेल्याने छातीठोक सांगितलं होतं, “सगळे नर आहेत, वाढणार कुठून?”

आज साफ करायला घेतला, तर तोंडातून मोहरीएवढी पिल्लं सांडली. ही जात पोरं तोंडात सांभाळते, आणि तेही फक्त मादीच.

तुझी ती चंदेरी बारीक मासळी हल्ली मिळत नाही म्हणतोस ना? तिची अंडी कोण खातंय, ते विचारू नकोस. हे पत्र तुला धाडू, की आधी तळं उपसून उरलेले संपवू? दिवसभर नुसती येरझाऱ्या घालतेय.

वहिनीने फोनवर विचारलं, कसा लागला? “छान,” म्हणाले. म्हणजे आता तू आणखी पाठवशील.

तुझी,
तोंड मिटून बसलेली धाकटी