बाबांना पाण्यात कोण उतरवणार

दि. ४ फेब्रुवारी

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

आधी खुर्ची घे, मग पुढे वाच. बाबा बाप्तिस्मा घ्यायला तयार झाले आहेत.

गेल्या शब्बाथी, शनिवारच्या उपासनेत, पाहुण्या पाळकांनी नेहमीप्रमाणे शेवटी विचारलं की, कुणाला पाऊल उचलायचं आहे का. बाबा मागच्या रांगेत वाकून एका डुगडुगणाऱ्या खुर्चीचा स्क्रू आवळत होते. त्यांनी न उठताच हात वर केला. आईला वाटलं स्क्रूड्रायव्हर मागताहेत, तिने तो त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी तो खाली ठेवला आणि हात पुन्हा वर केला. मग आई जी रडायला लागली ती घरी येईपर्यंत थांबली नाही. लग्न झाल्यापासून ती यासाठी प्रार्थना करते आहे. पोहायला शिकवायची नोकरी, तलावावर शनिवारीच शिकणाऱ्यांची गर्दी असते, या सबबीवर बाबांनी सगळी नोकरी काढली, आणि निवृत्तीनंतर गुडघ्यांची सबब काढली. आता गुडघेही नमले म्हणायचे.

मंडळीचा हेड एल्डर, म्हणजे मुख्य वडील, या नात्याने, कॉन्फरन्सच्या वरच्या कचेरीतून परवानगी काढून, मीच त्यांना पाण्यात उतरवावं असं फार दिवस माझ्या मनात होतं. पण ते जाऊ दे. त्यांची अट अशी आहे की, बाप्तिस्मा द्यावा तर तूच.

तुझ्या कामाला मी नावं ठेवत नाही. इस्पितळात रोग्यांच्या उशाशी बसतेस, लोक तुला पास्टर म्हणतात, मला अभिमान आहे. पण घराचं आणि मंडळीचं मस्तक पुरुष असावा, असं मी शास्त्रातून समजलो आहे, आणि तसा अभ्यास मंडळीत सलग तीन शब्बाथ घेतला आहे. आता त्याच चर्चच्या व्यासपीठाखालच्या बाप्तिस्म्याच्या टाकीत मुलगी बापाला बाप्तिस्मा देताना मी कोणत्या तोंडाने उभा राहू? मंडळीच्या बोर्डावर निवृत्त हेडमास्तर आहेत, ते तर माझ्याहून कडक. तेव्हा तू बाबांना चार शब्द लिही. तुझं ते ऐकतात.

वहिनी आठवण काढते. लोभ आहेच, या पत्राने तो कमी होऊ देऊ नकोस.

तुझा,
दादा

दि. ११ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

तुझं पत्र मी वॉर्डाबाहेर उभ्यानेच वाचलं, कारण खुर्ची नव्हती. स्क्रूड्रायव्हरपाशी आले आणि इतक्या मोठ्याने हसले की सिस्टर धावत आल्या. मग रडले. त्या बिचाऱ्या पाण्याचा पेला घेऊन उभ्याच राहिल्या.

बाबांना मी लिहिणार नाही. त्यांचं मन वळवणं म्हणजे तलावाला खोली कमी कर म्हणून सांगण्यासारखं आहे, आणि खरं सांगायचं तर मला ते वळवायचंही नाही. पुरुष पाळकांना ऑर्डिनेशन, म्हणजे दीक्षा देतात, आम्हा बायकांना कमिशन, म्हणजे नुसतं नेमणुकीचं पत्र देतात. काम तेच, कागदाचं नाव निराळं. बाप्तिस्मा द्यायची परवानगी माझ्या कागदावर आहे. आणि ज्या बाईंच्या लिखाणावर आपला पंथ वाढला, त्यांचं पान वाचल्याशिवाय तू सकाळी दुकान उघडत नाहीस. दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर काढतोस, एकदा स्वतःचाही काढून बघ.

मस्तकाबद्दल म्हणशील, तर आमच्या घरचं मस्तक या क्षणी कांदा चिरत रडतं आहे. मी वाटाणे सोलते आहे. कोण कुणाच्या वर हे ठरवायला दोघांनाही सवड नाही.

आता थट्टा पुरे. तुझ्या पत्रात 'पण ते जाऊ दे' असं एक वाक्य आहे. त्यावर मी बराच वेळ थांबले. तुला ते स्वतः करायचं होतं, हे मला आधी कळायला हवं होतं. मी लांब राहिले आणि तू रोज त्यांच्याजवळ राहिलास. त्यांना दवाखान्यात तू नेतोस, त्यांची बोलणी तू खातोस. बाबा तुझ्यासाठी राजी झाले तर मी पहिल्या रांगेत बसून सगळ्यांत मोठ्याने गाईन, मनात काही ठेवणार नाही. पण मलाही ते हवं आहे, हे लपवून तुझ्याशी खोटं कशाला बोलू?

आईला सांग, आता रडणं आवर, बाबांचा बाप्तिस्म्याचा झगा शिवायला घे. वहिनींना सलाम. रागावलास तरी पत्र टाकायचं चुकवू नकोस.

तुझी,
बेडकी

दि. १६ फेब्रुवारी

चि. दुकानदारास,
आशीर्वाद.

एका घरात राहून पत्र लिहितो आहे आणि तुझ्या जेवणाच्या डब्यात ठेवतो आहे. बोलायला बसलो की तू वचनं काढतोस आणि मी उठून जातो. पत्रात तुला मध्येच बोलता येणार नाही, मला उठता येणार नाही.

मी जन्मभर माणसांना पाण्यातून वर यायला शिकवलं. आपल्या चर्चमधले बाप्तिस्मेही मागच्या रांगेतून पाहिले. माणसं भली, पण धरायची कशी हे एकालाही ठाऊक नाही. मानेखाली हात नाही, पाय कुठे ते बघत नाहीत. माणूस ठसकत, डोळे फिरवत वर येतो. त्याला देव आठवत नसणार, जीव वाचला एवढंच आठवत असणार. पाण्यात मी माझा जीव मी शिकवलेल्या माणसाच्याच हाती देतो. पोरगी बेडकीसारखी शिकली. तुलाही शिकवायला बसलो होतो. नाकाला पाणी लागलं की तू सगळा तलाव डोक्यावर घ्यायचास. दिव्याखाली अंधार म्हणून लोक मला हसायचे. असो, तू चष्मे चांगले करतोस.

आता तुझा मुद्दा. घराचं मस्तक पुरुष, असं तू शिकवतोस. बरं. या घरातला थोरला पुरुष मी. मी सांगतो, पोरगी बाप्तिस्मा देईल. आता मस्तकाचं ऐकणार की मस्तकाला शिकवणार, ते तू ठरव.

दर तिमाहीला प्रभुभोजनाआधी तू गुडघे टेकून माझे पाय धुतोस. त्या वेळी खाली कोण आणि वर कोण, हे तू कधी विचारलं नाहीस. मला तुझा धर्म पटला तो त्या बादलीपाशी. तुझ्या अभ्यासांत नव्हे.

तुला माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं, हे मला दिसतं. चष्मा तूच दिला आहेस. म्हणून ऐक. आमच्या कामात पाण्यात एक आणि काठावर एक असल्याशिवाय कुणाला पाण्यात घेत नाहीत. पाण्यातल्याचं लक्ष एका माणसावर असतं, काठावरच्याचं सगळ्यांवर. काठावर तू पाहिजेस. तू नाही म्हणालास तर मी उतरणार नाही. भांडून मिळवलेला बाप्तिस्मा मला नको.

डबा पूर्ण खा.

बाबा

दि. १ मार्च

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

बाबांचं पत्र मी दुकानात डब्याबरोबर वाचलं. एका बाईंचे डोळे तपासायचे होते, त्यांना थांबवून ठेवलं, कारण त्या वेळी त्यांच्यापेक्षा मलाच कमी दिसत होतं. कारण विचारू नकोस.

विषय मी स्वतः बोर्डापुढे ठेवला. हेडमास्तर ताडकन उठले. माझ्याच अभ्यासातली वाक्यं त्यांनी मला परत म्हणून दाखवली, आणि माझ्यापेक्षा ती त्यांनाच चांगली पाठ होती. मग आई उठली. इतकी वर्षं डीकनेस, म्हणजे मंडळीची सेविका, म्हणून ती बोर्डावर बसते, पण चहा कुणाला हवा याखेरीज तिने तिथे तोंड उघडलेलं नाही. ती म्हणाली की, यांच्यासाठी मी रोज प्रार्थना केली, पण यांना कुणी धरावं हे मी देवाला कधी सांगितलं नव्हतं, ते त्याच्यावर सोडलं होतं. आता त्याने ठरवलं तर मी नाक मुरडणार नाही. एवढं बोलून ती बसली. मग मतं घेतली.

हात वर झाले. माझा हात जड होता, पण गेला. हेडमास्तर म्हणाले की ते येतील, मात्र आत न बसता बाहेर खिडकीशी उभे राहतील. मी म्हटलं, खिडकीशी वारा चांगला येतो.

मार्चचा शेवटचा शब्बाथ ठरला आहे. आई झगा शिवते आहे. पाण्यात तो फुगून वर येऊ नये म्हणून काठात शिशाचे तुकडे घालते आहे, आणि बाबा ते काढायला लावताहेत, पायात अडकतील म्हणून. व्यासपीठाच्या फळ्या उचलून ते टाकीत उतरून आले. टाकी अरुंद, पायऱ्या निसरड्या, पाण्याला वास, असा अहवाल त्यांनी जेवताना दिला.

एक मात्र ध्यानात ठेव. मी तुझं मत मानलेलं नाही, बाबांचं मानलं आहे. आदल्या दिवशी सूर्यास्ताच्या आत, शब्बाथ लागण्याआधी, पोच. तुझ्या भावजयीने अंथरुणं आत्ताच उन्हात टाकली आहेत.

तुझा,
दादा

दि. ३१ मार्च

ती. दादास,
सप्रेम सलाम वि. वि.

काल सुखरूप पोचले. बसमध्ये एकटीच हसत होते. शेजारच्या बाईंनी पिशवी उचलून जागा बदलली.

तू काठावर होतास, तुला ऐकू आलं नसेल. मी हात उंचावून प्रार्थना करत होते, आणि बाबा डोळे मिटून, ओठ न हलवता मला सांगत होते की कोपर खाली घे, पाय लांब ठेव, घाई नको. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा म्हणताना माझा आवाज कापला तो भक्तीने की परीक्षेच्या भीतीने, देव जाणे. मग त्यांनी अंग सैल सोडलं. दादा, ज्या माणसाने कधी कुणावर भार टाकला नाही, त्याचं सगळं वजन माझ्या हातावर होतं आणि ते मुळीच जड नव्हतं. ठसका नाही, धडपड नाही. ते अलगद वर आले.

आणि मग धप्प. मला वाटलं फळी पडली. बघते तर सूट, टाय आणि बुटांसकट आमचे हेड एल्डर पाण्यात. जो माणूस नळाखाली डोकं धरताना नाक दाबतो तो. बाबांना मिठी मारलीस तिथवर ठीक होतं, पण पाय घसरून तू कंबरभर पाण्यात गडप झालास. नव्या जीवनाचं पहिलंच काम म्हणून बाबांनी तुझी कॉलर धरून तुला बाहेर काढलं. तुझा चष्मा मला तळाशी पायाने शोधावा लागला. आणि हसू आधी कुणाला फुटलं माहीत आहे ना? खिडकीबाहेर हेडमास्तरांना. पोट धरून हसत ते आत आले आणि पहिली खुर्ची दिसली तिच्यावर बसले. नंतर 'आमेन' सगळ्यांत मोठ्याने त्यांनीच म्हटलं.

एवढं सगळं झालं, पण तू पाण्यात का उतरलास ते काही सांगितलं नाहीस. नंतर घरी गर्दी होती, विचारायचं राहिलं. सवडीने लिही. आईबाबांना सलाम, वहिनींना घट्ट मिठी.

तुझी,
बेडकी

दि. ७ एप्रिल

चि. बेडकीस,
अनेक आशीर्वाद.

बूट अजून ओले आहेत. तुझी वहिनी ते रोज खिडकीत ठेवते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला कहाणी सांगते. घड्याळ मात्र कामातून गेलं.

का उतरलो ते सांगतो. मला वाटलं होतं, बाबा वर आले की तुझ्याकडे बघतील, नाहीतर आईकडे. त्यांनी डोळ्यांतलं पाणी झटकलं आणि आधी काठाकडे पाहिलं, मी जागेवर आहे ना म्हणून. बस, एवढंच. त्यापुढे पायऱ्या कुठे आहेत ते मला दिसलं नाही.

आता दुसरं, आणि हे नीट वाच. आपल्या मंडळीला स्वतःचा पाळक नाही, पाहुण्यांवर भागवतो, हे तुला ठाऊक आहे. कॉन्फरन्सने या आठवड्यात आम्हाला पत्र धाडून नाव सुचवायला सांगितलं. बोर्डावर लोक लांबलांबच्या पाळकांची नावं घेत बसले होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शेवटी मी उठलो आणि तुझं नाव घेतलं. हेडमास्तरांनी एवढंच विचारलं की, या पास्टरबाई एका वेळी टाकीत किती माणसं घेतात. त्यावर कुणी विरोध केला नाही.

मंजुरी आली तर शब्बाथी व्यासपीठावर तू असशील आणि मी तुझ्या हाताखाली काम करीन. मस्तकाचं वचन मी रोज वाचतो, त्याचा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही. पण तो लागेपर्यंत मंडळी बिनपाळकाची ठेवावी, असं त्यात लिहिलेलं नाही. तू ये. भावोजींना माझ्या वतीने विचार, त्यांची नोकरी इथल्या इस्पितळात बघता येईल. बाबांना अजून सांगितलेलं नाही, ते चिडवून चिडवून मला आठवडाभर जेवू देणार नाहीत.

तुझ्या रोग्यांना सोडून येणं सोपं नाही, हे कळतं. तरी हो म्हण. हे मंडळीचा एल्डर म्हणून मागतो आहे, आणि भाऊ म्हणूनही.

तुझा,
दादा