डोळे आखायचे राहिले होते

अलाबामा, डिसेंबर १९५५

तीर्थरूप शांतीअक्का, पायांवर डोकं ठेवतो.

माझी तब्येत बरी हाय. थंडी हाय, पण तुझी गोधडीपण हाय. पुतळ्यांच्या कारखान्यातलं काम सुटलं. बाबांना एवढ्यात सांगू नको.

इथं बसमध्ये काळ्यांनी मागं बसायचं, चर्चसुद्धा वेगळं. त्यांच्या एका चर्चनं नाताळासाठी मेरी माता आणि बाळ येशू मागितले, त्यांच्या स्वतःच्या रंगाचे. मी रंग कालवून चढवला, अगदी तुझ्या लेकीच्या, पुतळीच्या गालाचा. मालक म्हणाला, "गोरा कर, नायतर चालता हो."

रोह्याच्या गिऱ्हाईकानं निळा गणपती मागितला, तेव्हा बाबांनी निळाच दिला होता ना? देव ज्याचा, रंग त्याचा. ब्रश ठेवला आणि निघालो.

पैसे भरलेले, म्हणून चर्चवाल्यांनी मूर्ती तशाच नेल्या. डोळे तेवढे राहिले होते. ते आखायला जातो म्हटलं, तर गोरी घरमालकीण म्हणाली, काळ्यांच्या चर्चमध्ये पाऊल टाकलंस तर खोली सोड. सोडली. आता त्यांच्यातल्याच एका मास्तरांकडं राहतो. भात मिळतो, काळजी करू नको.

पुतळीचा खोकला गेला का? माघी गणपतीची माती आली का?

रविवारी त्यांच्या चर्चमध्ये जाऊन सगळ्यांसमोर डोळे आखले. तू म्हणायचीस, आखताना हात कापला तर देव तिरळा बघतो. दाराबाहेर गोरे काठ्या घेऊन उभे होते, अक्का.

बाळ सरळ बघतंय.

तुझ्या हाताखाली शिकलेला,
कमळाकर