भिंतीतली फुंकर

२ फेब्रुवारी

अखेर बिऱ्हाड लागलं! दुसरा मजला, तीन खोल्या, आणि स्वयंपाकघरात इतकं ऊन की भांडी आपसूक वाळतात. ह्यांची बदली झाली तेव्हा मी नाक मुरडलं होतं, पण हृदयाचं मोठं इस्पितळ इथून हाकेच्या अंतरावर आहे, मग आणखी काय हवं? आमचे साहेब (वय पाच आठवडे, हुद्दा सर्वेसर्वा) सामान लागेपर्यंत ढाराढूर झोपले होते. साहेबांच्या हृदयात दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बारीक आहे, आपोआप बुजेलही. नाही बुजलं तर वजन वाढल्यावर ऑपरेशन. मी शहाण्यासारखी मान डोलावली आणि घरी येऊन नळ सोडून रडले. आतली खोली साहेबांना दिली आहे. पाळणा भिंतीला लावला.

५ फेब्रुवारी

हे सकाळी जातात ते दिवेलागणीला उगवतात. शेजारच्या घराला कुलूप. माहेर लांब, आणि सासूबाईंचे गुडघे जिना चढू देत नाहीत. दिवसभर मी आणि साहेब. दूध ओढता ओढता दमतो बिचारा, कपाळावर घाम येतो. मी ऊठसूट इस्पितळात फोन करते म्हणून तिथल्या नर्सबाईंनी त्यांचा जुना स्टेथोस्कोपच आणून दिला. म्हणाल्या, ऐकत जा, सवय होईल, आणि आमचीही सुटका होईल. ऐकलं. ठोका, मग दिवा विझवताना मारतात तशी फुंकर, मग ठोका. लग्नाआधी मी ऑफिसात फोनवर बसायचे. आवाज ओळखण्यात माझा हात कोणी धरणार नाही. ही फुंकर मी हजारात ओळखीन.

९ फेब्रुवारी

आज दुपारी पाळणा सरकवताना कानातल्या स्टेथोस्कोपच्या नळीचं टोक भिंतीला टेकलं आणि कानात ठोका आला. पाण्याचा पंप असेल म्हटलं, पण पंप मध्येच फुंकर मारत नाही. साहेबांची छाती, मग भिंत, मग पुन्हा छाती. तोच ठोका, तीच फुंकर. हे आल्यावर त्यांनाही ऐकायला लावलं. त्यांना काहीच ऐकू आलं नाही. म्हणाले, जरा झोप काढ, डोळे बघ कसे झालेत.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई खूश! फुंकर निम्मी झाली, वजनही वाढलं. घरी आल्या आल्या मी भिंतीला नळी लावली. तिच्यात फुंकर वाढली आहे. जितकी इथे कमी, तितकी तिथे जास्त. कोणी वेडी म्हणो, मी भिंतीवरून हात फिरवला आणि तिचे आभार मानले.

२१ फेब्रुवारी

छातीतली फुंकर गेली. पण ठोकासुद्धा लांबून येतो, पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा. साहेब आता घटाघटा पितात, पण बघतात माझ्या खांद्यावरून भिंतीकडे. कुशीत घेतलं की रडतात, भिंतीशी ठेवलं की गप्प. आई मी आहे की ती? आज मी एका भिंतीवर जळले. सांगू कोणाला?

२३ फेब्रुवारी

ऊन दाखवावं म्हणून त्याला घेऊन खाली निघाले. जिन्याच्या वळणावर रडणं एकदम थांबलं. ओठ निळे. छातीत — काही नाही. धावत वर. भिंतीशी टेकवला, आणि गुलाबी झाला.

भिंतीने फुंकर घेतली नव्हती. काळीजच घेतलंय.

२४ फेब्रुवारी

ह्यांना सगळं सांगितलं. ते चिडले असते तर बरं होतं. त्यांनी नुसता माझा हात हातात घेतला. बाळंतिणीच्या मनात येतं काहीबाही, म्हणाले. फोनवर सासूबाईही तेच. परवा तपासणी आहे, ह्यांनी रजा काढली आहे. नेऊ नका म्हणून मी पाया पडले. त्यांनी मला उठवून अंथरुणावर निजवलं.

२६ फेब्रुवारी

आंघोळ करून आले तर पाळणा रिकामा. खिडकीतून ओरडले. ह्यांची गाडी वळली —

भिंतीत ठोका आहे अजून. अडखळतोय. हळू — फार हळू —

कपाळ टेकलं तिला. म्हटलं, माझं घे. धडधाकट आहे, तुला पुरेल. त्याचं सोड.

छाती गार पडली. भिंतीत आता माझा ठोका.

दुपार

ह्यांचा फोन! रस्ताभर भोकाड पसरलं होतं म्हणाले. छाती स्वच्छ, भोक बुजलं. हसत होते. साहेबांना भूक लागली आहे, आलोच.

मीच खाली जावं म्हणून उंबरठ्याबाहेर पाय टाकला. डोळ्यांपुढे अंधार. कशीबशी आत आले.

आणि तो इथे आला तर? भिंतीतला ठोका जोरात आहे. हावरट आहे ती. माझ्या एकटीवर तिचं भागायचं नाही.

कडी घातली.

आले. आतूनच सांगितलं, त्याला आजच्या आज सासूबाईंकडे न्या, इथे परत आणू नका. ते म्हणतात, आधी दार उघड. तो रडतोय. भिंतीसाठी नाही, माझ्यासाठी. दुधाने पदर ओला झालाय —

दाराला खांद्याने धडका देतायत. कडी हलतेय. आत आले की संपलं. पण मी बाहेर जिन्यात पडले तर हे आम्हा दोघांना घेऊन खालीच, इस्पितळाकडे धावतील. आत येणारच नाहीत —

एकदा त्याला हातात घेईन. तेवढा दम असेल ना —

कडी काढते. रडू नको राजा, आले हं, ही बघ आई —