मागच्या खोलीची ओल

आई, मी काय काम करते हे तुला सांगायची वेळच कधी आली नाही. तू गेलीस तेव्हा माझा डिप्लोमा चालू होता, आणि तुझ्या मते मी ‘विंजिनेर’ होणार म्हणजे आपल्या गावच्या, वडिवळ्याच्या धरणासारखी धरणं बांधणार. धरणं काही बांधली नाहीत. मी लोकांची घरं तपासते. लोणावळ्यात, खंडाळ्यात मुंबई-पुण्याच्या माणसांचे बंगले आहेत. कुणाला विकत घ्यायचा असतो, कुणाच्या छताचा रंग फुगतो, की मला बोलावतात. माझ्याकडे एक कॅमेरा आहे. भिंत कुठं गार आणि कुठं गरम, ते तो रंगात दाखवतो. गार तिथं निळं, ऊब तिथं पिवळं-तांबडं. ओली भिंत कोरडीपेक्षा गार असते, त्यामुळे वरून नवा रंग फासला तरी बऱ्याचदा ओल पडद्यावर निळी उमटते. मग मी तिथं ओल मोजणारं सुयांचं मीटर टेकवून खात्री करून घेते. मालक माझ्या खांद्यावरून बघत असतात. भिंतीत एवढं काही असेल असं त्यांना वाटलेलं नसतं.

मी या कामात शिरले ती आपल्या खोलीमुळे. बाबा गेल्यावर काकांनी आपल्याला वडिवळ्यात जेवू घातलं, पण तोंड फिरवून, आणि तू मला घेऊन खंडाळ्याच्या त्या बंगल्यावर राहायला आलीस. बंगल्याचा झाडू-पोछा, मालक आले की स्वयंपाक, आणि त्या बदल्यात मागची खोली. तिची मागची भिंत डोंगराला टेकलेली. उन्हाळ्यातसुद्धा तिच्यावर हात ठेवला की तळवा दमट व्हायचा. बुद्धाची तसबीर तू आधी तिथंच लावली होतीस. काचेच्या आत कागदावर काळे ठिपके पडायला लागले तशी ती काढून तू दारावरच्या कोरड्या भिंतीवर लावलीस. आपलं अंथरूण मात्र ओल्या भिंतीलाच राहिलं, कारण दुसऱ्या बाजूला चूल होती. मला तू बाहेरच्या अंगाला झोपवायचीस आणि स्वतः भिंतीकडे. अजून मला तुझी पाठच आठवते, खोकल्याने हलणारी.

एकदा मालकीणबाईंनी माझ्या शाळेच्या कपड्यांचा वास घेऊन विचारलं, काय गं, कपडे वाळत नाहीत का तुमचे? मी सरळ सांगून टाकलं, आमची भिंत ओली आहे. तू भांडी घासत होतीस. खोलीत आल्यावर माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, “भित ओली न्हाई. काय म्हनायचं कुनी इचारलं तर?” मी मनगट सोडवू पाहिलं. “म्हन. न्हाई म्हन.” मी म्हटलं तेव्हा मनगट सोडलंस आणि लगेच मला भाकरी वाढलीस, वर तेलाची धार सोडून, जशी सणाला सोडायचीस.

पुढे तळेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुझी छाती तपासून विचारलं, घरात ओल आहे का? मी शेजारीच बसलेय. तू पदर सारखा करतेस आणि म्हणतेस, “न्हाई जी. लय कोरडं घर हाय.” डॉक्टर लिहून घेतात. परतीच्या गाडीत मी तुझ्यावर चिडले, तर खिडकीबाहेर बघत म्हणालीस, “त्यो काय येऊन भित पाडनार हाय?” नंतरच्या पावसाळ्यात तू गेलीस. तू भित्री होतीस, असं मी कितीतरी वर्षं धरून चालले. वाटायचं, तुझ्याकडे दाखवायला काही नव्हतं म्हणून तू बोलली नाहीस. अंदाजावर कोण विश्वास ठेवणार? पण ती ओल रंगात, पडद्यावर, मालकाच्या डोळ्यांपुढे धरता आली असती तर त्याला काहीतरी करावंच लागलं असतं. हा कॅमेरा पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा माझ्या मनात हेच होतं.

गेल्या हिवाळ्यात तुंगार्लीच्या बाजूला एका बंगल्याचं काम आलं. हॉलचं छत झिरपत होतं. ते पाहून झाल्यावर मी आपणहून मागे गेले. मी नेहमीच जायचे, कुणी सांगितलं नसलं तरी. मागच्या खोलीत माळीकाम करणाऱ्याचं कुटुंब राहत होतं. तो, त्याची बायको आणि त्याची म्हातारी आई. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडलेली होती. बायको दारातच उभी राहिली. “ताई, हितं नका बघू. हितं काय न्हाई.” मला वाटलं, संकोच करतेय. मी म्हटलं, तुमच्याच भल्याचं आहे, आणि कॅमेरा धरला. जमिनीपासून निघालेला निळा पट्टा म्हातारीच्या अंथरुणामागून भिंतीवर चढत थेट लाइटच्या बोर्डापर्यंत गेला होता, आणि बोर्डात वायरचा एक जोड तापून पिवळाधमक दिसत होता. मी त्या बाईला पडदा दाखवला. तिने तो बघितला आणि सासूचं अंथरूण थोडं अलीकडे ओढलं.

मी मालकाला तिथूनच फोन केला आणि रिपोर्टमध्येही स्पष्ट लिहिलं: मागच्या भिंतीचं पाणी बाहेरून अडवा, वायरिंग नवं करा, तोवर ही खोली राहण्यालायक नाही. मालकाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “बरं झालं सांगितलंत,” म्हणाला. त्या दिवशी घाटातून गाडी चालवताना मला रडू आलं, आई, पण ते चांगलं रडू होतं. वाटलं, तुझं कुणीतरी ऐकलं.

हॉलची दुरुस्ती झाल्यावर मला पुन्हा तपासायला बोलावलं. मी मागे गेले तर खोलीला कुलूप. वायर कापलेली. फाटकाशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत एजन्सीचा गार्ड बसलेला. मी मालकाला विचारलं. तो जराही अवघडला नाही. “तुम्हीच लिहिलंत ना, राहण्यालायक नाही म्हणून? उद्या कुणाला शॉक बसला तर माझ्यावर येईल. मी रिस्क कशाला घेऊ?”

“मी दुरुस्ती करा असं लिहिलं होतं.”

“ती कोण करत बसणार, मॅडम? गार्ड पाळीने येतात, त्यांना खोली लागत नाही.”

त्या बाईला शोधायला मला बरेच दिवस लागले. वलवणकडे एका पत्र्याच्या शेडमध्ये ते राहत होते. तिने मला ओळखलं; उठली नाही, पण फळीवर बसायला जागा करून दिली. सासूला दिराकडे पाठवलं होतं. “तितं तिला कोन बघतंय,” एवढंच म्हणाली. मी दुरुस्तीचं सांगू लागले, मालकाशी पुन्हा बोलते म्हटलं. ती चिडली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“तुमी खरंच लिवलं, ताई. पर आमाला ठावं नव्हतं व्हय? त्या भिताडाला पाठ लावून झोपत हुतो आमी.”

मी गाडीत येऊन बसले. तुझं ते ‘न्हाई’ मला त्या दिवशी कळलं. तुला ओल दाखवता येत नव्हती असं नाही. दाखवल्यावर काय होतं ते तुला माहीत होतं. पण आई, म्हणून तू बरोबर होतीस असंही मला म्हणता येत नाही. तू न बोलल्यामुळे मला छप्पर मिळालं, शाळा मिळाली, आणि त्या छपराने तुला नेलं. तू बोलली असतीस तर कदाचित जगली असतीस, पण कुठं, कुणाच्या दारात, हे मला सांगता येत नाही. मी दोन्हीकडून विचार करून बघते. कुठूनही वाट निघत नाही. ती निघावी म्हणून मी हे काम शिकले होते. आता काम येतं म्हणून करते.

तुला पोचणार नाही हे ठाऊक असून लिहितेय, कारण हे दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही. परवा खंडाळ्याला एका बंगल्यावर होते. सगळं तपासून झालं, तर मालक आपणहून म्हणाले, मागे नोकरांची खोली आहे, आलाच आहात तर तीही बघून घ्या. त्या खोलीच्या दारात एक बाई उभी होती, आमच्याकडे बघत. कॅमेरा माझ्या हातात चालू होता. मी म्हटलं, बॅटरी संपली.