मैनाबाईच्या वाटेचा हुकूमनामा

मी, उत्तमराव जयरामजी खेरडे, वय ७९, अकोल्याच्या न्यायालयात एक्केचाळीस वर्षे वकिली करून निवृत्त, सध्या राहणार राजापेठ, अमरावती, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. मालमत्तेची व्यवस्था यात आहेच. परंतु मला प्रथम एक गोष्ट सिद्ध करायची आहे. माझी धाकटी बहीण मैनाबाई हिने मध्य प्रदेशातील न्यायालयात मिळवलेला हुकूमनामा वरूडला अंमलात आणता येत होता. राज्याची हद्द त्याच्या आड आली नव्हती.

१. पत्नी सत्यभामा निवर्तली, अपत्य नाही. राजापेठेतील घर मैनाबाईला, तिच्यानंतर तिची मुलगी दामिनी हिला. तळमजल्यावरील शिकवणीवर्गाला काढू नये. विद्यार्थ्यांच्या दुचाकी मात्र फाटकासमोर लागू देऊ नयेत. मी नऊ वर्षे सांगत आहे.

२. मैनाबाईचे सासर हद्दीपलीकडे, वरूडपासून तासाभरावर. तिच्या दोन एकर संत्र्याच्या बागेची गाडीवाट तिचा चुलत दीर जानराव याने भिंत घालून बंद केली. तो स्वतः वरूडला राहतो. १२ मार्च २०१३ रोजी तिकडील न्यायालयाने हुकूम दिला : जानरावने भिंत पाडावी, आणि त्या वाटेला पुढे कधीही अडथळा करू नये. प्रतिवादी दुसऱ्या राज्यात राहत असल्यास हुकूमनामा तेथील न्यायालयाकडे वर्ग होतो. नक्कल, अंमल न झाल्याचा दाखला आणि वर्ग करण्याचा आदेश एवढे पुरते. नवा दावा लागत नाही.

३. माझे कायद्याचे सर्व ग्रंथ आणि शिसवी टेबल अॅड. किशोर ढोके यांना. ते माझ्याकडे कनिष्ठ असताना, २०१४ साली, म्हणाले होते, "सर, मुदत एकदा पाहून घेऊ का?"

"मला मुदत शिकवतोस? बारा वर्षं आहेत. आधी दामिनीचं लग्न होऊ दे, भावकीत तमाशा नको."

आठवडाभरात त्यांनी दुसरे कार्यालय धरले. मी त्यांना चारचौघांत कृतघ्न म्हणत राहिलो. तो शब्द मागे घेतो.

लग्न २०१७ साली झाले. जानराव मांडवात पुढे पुढे करून मिरवला, जेवला, आणि निघताना मला म्हणाला, "वकीलसाहेब, तुमचा एमपीचा कागद एमपीतच ठेवा. वरूडले कोन पुसते त्याले?"

४. अंमलबजावणीची दरखास्त मी २०१८ मध्ये दाखल केली. जानेवारी २०१९ मध्ये ती नामंजूर झाली. आदेश इंग्रजीत होता. मैनाबाईने विचारले, "भाऊ, तिकडचा कागद इकडे चालत नाई का?"

"नाही चालत," मी म्हणालो.

"तिकडचं संत्रं इकडच्या बाजारात चालते. इकडची पोरगी तिकडे नांदाले चालते. मंग कागदच काहून चालत नाई?"

मी आदेशाची घडी घालून तो लोखंडी कपाटात ठेवला.

बागेपर्यंत गाडी जात नाही म्हणून व्यापारी बाग घेत नाहीत. ती डोक्यावर क्रेट घेऊन नाल्यातून जात असे. मागच्या बहारात तिथेच पडून तिचा खुबा मोडला.

५. हुकूमनाम्याचा दुसरा भाग, अडथळा न करण्याचा, कायमचा आहे. त्याला मुदत नाही. २०२० साली जानरावने भिंतीला जोडून तारेचे कुंपण घातले, हा त्याचा नवा भंग. हे मला तेव्हाच कळत होते. सांगितले असते, तर पहिला भाग कोणी घालवला हेही सांगावे लागले असते.

नवी दरखास्त किशोर यांनी चालवावी. माझी मुदतठेव त्या खर्चासाठी. नकला लोखंडी कपाटात, दुसऱ्या खणात. हे कलम माझ्या मृत्यूची वाट पाहणार नाही. या सालची तोडणी सुरू होण्यापूर्वी दरखास्त दाखल व्हावी, आणि खालील कबुली किशोर यांनी मैनाबाईला तिच्या घरी जाऊन वाचून दाखवावी. मी सोबत असेन.

किशोर लाभार्थी असल्याने त्यांना साक्षीला घेतलेले नाही. साक्षीदारांनी मजकूर जाणण्याची कायद्याला गरज नाही. मी तो मुद्दाम मोठ्याने वाचला.

साक्षीदार :
१. डॉ. मंजुषा बोबडे, राजापेठ (सही)
२. धर्मेंद्र वानखडे, राजापेठ (सही)

अमरावती, ४ सप्टेंबर २०२५

कबुली : भिंत पाडण्याच्या हुकुमाला मुदत तीन वर्षांची होती. मी बारा धरली आणि पुस्तक उघडून पाहिले नाही. ही माझी चूक. पुढे ती लपवली, त्याला मी चूक म्हणत नाही. ते मी समजून केले. मैना, कागद इथे चालत होता.

(सही) उत्तमराव जयरामजी खेरडे