चुकलेलं दार

अक्का, तुम्हाला पत्र लिहिण्याचा मला काहीही अधिकार नाही. तरी लिहायला बसले आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागते. मी तुमच्या नात्यातली नाही, तुमच्या रांगेतलीसुद्धा नाही. मागच्या रांगेत राहणारी, चालता चालता पुस्तक वाचणारी ती मुलगी मी. तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, आणि तुम्ही होतात तेव्हाही मी तुमच्याशी धड बोलले नव्हते. पण गेले काही आठवडे मी ज्या काळजीत आहे ती दुसऱ्या कुणाला सांगून समजेल असं वाटत नाही, कारण ती तुमच्याबद्दलच आहे.

भूकंपानंतर जुनं गाव सोडून माळावर नवं गाव बसवलं, ते तुम्हाला मी काय सांगावं? मला मात्र ते अजूनही आठ-नऊ वर्षांच्या मुलीला दिसलं तसंच दिसतं: पट्टी लावून आखलेल्या रांगा, प्रत्येक रांगेत तेच घर, तीच पायरी, तेच हिरवं दार. जुन्या गावात वाट सांगताना लोक चिंच सांगत, आड सांगत, कुणाचा तरी गोठा सांगत. नव्या गावात सांगण्याजोगं काहीच नव्हतं. बाजाराहून येणारी मोठी माणसंही दुसऱ्याच्या घरात शिरत, पिशवी टेकवून "पानी आन गं" म्हणत, आणि पाणी घेऊन भलतीच बाई समोर उभी राहिली की चपला हातात घेऊन बाहेर पळत. "काय पाव्हणं, कारभारीन बदलायला गेलता व्हय?" असं म्हणून लोक त्यांना कितीतरी दिवस छळत. हसण्यासारखं दुसरं फारसं काही गावात उरलं नव्हतं, म्हणून हे हसणं सगळे पुरवून पुरवून वापरत.

मी तिसरीत आहे. शाळा सुटली आहे, पुस्तकातली गोष्ट संपलेली नाही, म्हणून डोकं वर न काढता मी चालते आहे आणि एक रांग अलीकडेच वळते. दारात चपला काढते, भिंतीला टेकून बसते, वाचत राहते. चुलीपाशी कुणीतरी भाकरी थापत आहे आणि तो आवाज घरच्यासारखाच आहे. "आलीस? पाय धू आन् बस." मी पाय धुते आणि पुन्हा बसते. समोर ताटली येते: अर्धी भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वर तेलाची धार. मी वाचतावाचताच खाते. चटणी घरच्याहून तिखट लागते, पाणी मागायला मान वर करते, तर समोर तुम्ही. घास तोंडातच राहतो. "मी चुकले," असं मी म्हणते, इतक्या हळू की माझं मलाच ऐकू येत नाही.

"चुकलीस तर चुकलीस. पानी पी, मग जा."

तेवढ्यात आई शोधत येते. "अक्का, आमचं ध्यान आलंय का हितं?"

"आलंय. जेवायलंय. तुमच्यात चटनी आळणी करत्यात म्हनं."

मी असं काहीही म्हणाले नव्हते. घरी जाईपर्यंत आईला ते पटवून देताना माझा जीव गेला.

त्यानंतर मी पुष्कळदा चुकले. तुम्ही दरवेळी तेच म्हणालात आणि मी दरवेळी तीच भाकरी खाल्ली. एकदाच, पुस्तकी मुलीला शोभेल अशा स्वच्छ भाषेत मी विचारलं होतं, "तुमच्या घरी आणखी कोण कोण असतं?" तुमचा हात परातीत थांबला. "पुस्तकातलं इचार," तुम्ही म्हणालात, "मानसातलं इचारू नये." जुन्या घराखाली तुमचा नवरा आणि दोन मुली गेल्या हे मला त्या दिवशी आईने सांगितलं. तुम्ही रागावलात असं समजून मी काही दिवस नीट रांगा बघत घरी गेले. मग एका संध्याकाळी तुम्ही पायरीवर उभ्या होतात, मी खाली मान घालून पुढे निघाले होते, आणि तुम्ही वाऱ्याशी बोलल्यासारखं म्हणालात, "आज कालवण लई झालंय बाई." मी चुकले.

दहावीला मी तालुक्यात पहिली आले आणि आमच्याकडच्या हुशार मुलांना जिथे पाठवतात तिथेच मला पाठवलं, लातूरला. त्या शहरात तेव्हा क्लासच्या पाट्यांशिवाय भिंत सापडत नसे. सगळं शिक्षण मराठीतून झालेलं. वर्गात सर इंग्रजी शब्द उच्चारायचे आणि मी तो कागदावर नीट उतरला की नाही या धास्तीत पुढचं वाक्य गमवायचे. माझ्या खोलीत देवणीकडची एक धीट मुलगी होती. तिच्या मामाचा कॉम्प्युटरचा क्लास होता. एका रविवारी तिने मला तिथे नेलं आणि एक जुना परदेशी खेळ लावून दिला. पडद्यावर फक्त गल्ल्या होत्या, सरळ आणि काटकोनात वळणाऱ्या, सगळीकडे तीच भिंत, तेच दार. वाट ध्यानात राहावी म्हणून चौकटीच्या कागदावर नकाशा काढत खेळायचं. "ह्यात मी येडी होते बघ," ती म्हणाली. मला मात्र त्या शहरात आल्यापासून पहिल्यांदाच आपण कुठे आहोत ते कळत होतं.

त्या काळी बारावीची परीक्षा होईपर्यंत घरची वाईट बातमी लेकरांना कळू द्यायची नाही, अशी लातूरला मुलं ठेवणाऱ्या घरांची रीतच होती. माझ्या वर्गातल्या एका मुलाला आजोबा गेल्याचं शेवटचा पेपर झाल्यावर एस.टी. स्टँडवर कळलं. तुम्ही गेल्याचं तर मला तेव्हाही कुणी कळवलं नाही, कारण तुम्ही माझ्या कुणी नव्हतात. मी सुट्टीला आले, हातात पुस्तक नसतानाही एक रांग अलीकडे वळले आणि चपला काढून आत शिरले. तुमच्या दिराकडची माणसं राहायला आली होती. "कोन पायजे?" आतून एका बाईने विचारलं. त्या गावात कुठल्याही दारात हा प्रश्न मला कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

आता काळजीचं सांगते. लातूरला पाठवताना सगळ्यांना वाटलं होतं तशी डॉक्टर काही मी झाले नाही. नांदेडला इंजिनियर झाले आणि नोकरी सांभाळून तसाच एक खेळ मराठीत तयार केला. खेळणारा त्यात एक वाटसरू होतो, गावोगाव फिरतो, लोकांशी काय बोलायचं ते निवडतो आणि त्यावर त्याचं पुढचं ठरतं. त्यात एक सारख्या दारांचं गाव होतं. दार चुकलं की आत चोर, नाहीतर साप, नाहीतर त्याहून वाईट काही. नकाशा मिळायचा नाही, आपला आपण काढायचा. जुन्या पद्धतीच्या खेळांवर जीव असणाऱ्या थोड्या लोकांना तो फार आवडला. कुणी त्याचं इंग्रजीही केलं. ते लोक वर्षानुवर्षं विचारत राहिले, दुसरा भाग कधी? मी तो केला, आणि त्यातल्या एका चुकीच्या दाराआड तुम्हाला बसवलं. तुम्ही म्हणता, "आलीस? पाय धू आन् बस." खेळणारा पुरुष असला तर "आलास". तो चुकल्याचं सांगतो, तुम्ही म्हणता, "चुकलास तर चुकलास. पानी पी, मग जा." बस्स.

बाहेर काढण्याआधी दुसरा भाग काही जुन्या खेळणाऱ्यांना तपासायला दिला. तेव्हापासून फोनवर त्यांची मतं एकामागून एक येत आहेत. "त्या घरात काहीच मिळत नाही. ना वस्तू, ना माहिती. काढून टाका." "दार चुकलं तर शिक्षा हवी, पहिल्या भागाची मजा त्यातच होती. लेखिका मऊ पडली." "बाईला लुटता येत नाही, सोबत नेता येत नाही, मग ती आहे कशाला?" "या भागात मध्यावर नकाशा मिळतो. मग चुकायचं कुणी?" सगळ्यात वाईट एका समंजस माणसाने, अगदी नम्रपणे लिहिलं होतं: "ती दरवेळी तेच बोलते. दहा वेळा गेलो. या खेळात रस्त्यावरच्या भिकाऱ्यालाही याहून जास्त वाक्ये आहेत. ती खरी वाटत नाही."

खेळातली चित्रं काढणारा माझा सहकारी उदगीरचा आहे. तो म्हणाला, "ताई, चार वाक्यं लिहून टाक की. एवढा मोठा खेळ लिहिलीस, एका बाईचं तुला काय अवघड हाय? न्हाई तर काढ तिला. शुक्रवारच्या आत सांग."

अक्का, मी लिहायला बसले. तुमच्या तोंडी पावसापाण्याचं घातलं, जुन्या गावाची आठवण घातली, दोन मुलींचंही घातलं आणि लगेच खोडलं. जे मला विचारू नको म्हणालात तेच तुमच्या तोंडून परक्यांपुढे वदवत होते. बाकीची वाक्यंही वाचली की निबंधातली वाटत. मग लक्षात आलं की अडचण भाषेची नाही. मला तुमचं याहून जास्त बोलणं आठवतच नाही. मी तुमच्या घरी बसून पुस्तक वाचत होते. तुम्ही कदाचित खूप काही बोलल्या असाल.

शेवटी आईला फोन केला. "अक्का आणखी काय म्हणायच्या गं?"

"काय म्हनत्यात बाया? घे म्हनायच्या, वाढू का म्हनायच्या." मग म्हणाली, "तू लातूरला गेलीस तवा मात्र यायच्या आपल्या दाराम्होरं. सांजच्याला. आत येत नव्हत्या. इचारायच्या, 'लेकरू चुकायचं सोडलं व्हय?' मी म्हनायचे, मोठं झालं अक्का, घावली त्याला वाट. तर 'बरं झालं' म्हनायच्या आन् जायच्या."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"त्यात काय सांगायचं? तुझा अभ्यास होता."

मग मी तुम्हाला काढलं नाही आणि चार वाक्यंही लिहिली नाहीत. एवढंच केलं: खेळणाऱ्याला नकाशा मिळाल्यावर, गावात चुकण्याचं काही कारण उरलेलं नसताना तो तुमच्या दारातून आत आला, तरच तुम्ही विचारता, "चुकायचं सोडलंस व्हय?" त्याला दोन उत्तरं आहेत. "वाट सापडली" म्हटलं की तुम्ही "बरं झालं" म्हणता आणि दार मिटतं. "चुकले" किंवा "चुकलो" म्हटलं तर पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. सहकारी म्हणाला, "हे कुनाला घावनारच न्हाई की गं." मलाही तीच धास्ती आहे. नकाशा हाती आल्यावर माणसं सरळ चालतात. तुमचा तो प्रश्न कुणालाही ऐकू न जाता तिथेच पडून राहील, लोक पुन्हा लिहितील की या घरात काही नाही, आणि मी त्यांना काही समजावू शकणार नाही.

हे पत्र मी कुठे पाठवणार नाही. पाठवायचा आहे तो खेळ, आणि तो पाठवण्याचं बटण दाबायला आज दुपारपासून माझा हात धजत नव्हता. मग मी स्वतः एकदा नकाशा घेऊन तुमच्या दारातून आत गेले. तुम्ही विचारलंत. मी "चुकले" हे उत्तर निवडलं. खरं सांगायचं तर अक्का, मी फक्त पहिल्याच दिवशी चुकले होते.

खेळ पाठवला: गुरुवार, एकोणीस नोव्हेंबर, संध्याकाळी सव्वापाच, शाळा सुटून मी तुमच्या रांगेशी पोहोचायची ती वेळ.