पंप जिथला तिथे

बिस्मिल्लाह.

मी, अब्बास इब्राहिम सोलकर, मूळ राहणार दाभोळ, जिल्हा रत्नागिरी, सध्या राहणार हवल्ली, कुवेत. शुवैख बंदरावर मालाच्या नोंदी ठेवणारा कारकून, त्याआधी गावच्या मराठी शाळेत शिक्षक. हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. प्रकृती चांगली आहे. बुद्धी स्थिर आहे. पुढचे वाचून, इथे आमच्याच घरी राहणारा माझा धाकटा भाऊ कमाल याबद्दल शंका घेईल, म्हणून ही दोन वाक्ये साक्षीदारांना आधीच वाचून दाखवली आहेत. कोणत्याही जिवंत माणसाने मला हे लिहायला भाग पाडलेले नाही.

१. दाभोळचे घर आणि मागच्या माडांची जागा. मला मूल नाही. माझी पत्नी नूरबानू आणि भाऊ कमाल हे दोघे वारस. त्यांचे हिस्से शरियतने ठरवले आहेत, त्यात मी ढवळाढवळ करत नाही. विनंती एवढीच की खाडीकडची खोली नूरबानूला द्यावी. तिला तिथे झोप लागते.

२. शेजारी अकबर याने आमच्या हद्दीत घातलेल्या भिंतीवरचा दावा मी सोडत आहे. भिंत वाकडी आहे, हे माझे म्हणणे मात्र कायम आहे.

३. बँकेतली शिल्लक वरीलप्रमाणेच. नूरबानूच्या बांगड्या तिच्या स्वतःच्या आहेत, त्या माझ्या मालमत्तेत धरू नयेत. पुस्तके माझा मित्र अशरफ याला द्यावीत. तो नाहीतरी न विचारता नेतो.

४. वानेट. उघड्या पाठीच्या लहान ट्रकला इथे वानेट म्हणतात. माझे वानेट कोणालाही मिळणार नाही. याचे कारण लिहिणे भाग आहे.

गेल्या उन्हाळ्यात त्याचा पाण्याचा पंप गळू लागला. गॅरेजवाल्यांची वाट पाहण्यापेक्षा शुवैखच्या एका भंगारवाल्याकडून जुना पंप आणला आणि घरच्या अंगणात मीच बसवला. रेडिएटर रिकामा केला, पट्टा आणि पंखा काढला, गळका पंप सोडवला, पुठ्ठ्याचे पॅकिंग कापले, ग्रीस लावून दुसरा पंप आवळला. काम चांगले झाले. इंजिन तापत नव्हते.

पण रेडिएटरमधले पाणी कमी होऊ लागले. वानेट चालताना नव्हे, उभे असताना. भर दुपारी, सगळी गल्ली दारे लावून झोपते त्या वेळी. खालची जमीन कोरडी. इंजिनच्या तेलात पाणी नाही.

कमाल हसला. "भाई, उडत असेल. इथे माणसं वाळून जातात, पाण्याचं काय घेऊन बसलास!"

मी कचेरीतली लाख आणून रेडिएटरच्या झाकणावर शिक्का मारला. दुपारनंतर शिक्का शाबूत होता. फोडून पाहिले. पाणी उतरले होते.

मशिदीतल्या इमामांनी सांगितले की तहानलेल्यासाठी उघड्यावर पाणी ठेवावे. मी वानेटपुढे वाडगा ठेवला. वाडग्यात वाळू पडली, पण पाणी जवळपास तेवढेच राहिले. रेडिएटरमधले मात्र कमी झाले. त्याला पाणी तिथूनच घेण्याची सवय होती, असे मला वाटले. त्याला म्हणजे कोणाला, हे विचारायला मी भंगारवाल्याकडे गेलो.

तो म्हणाला, पंप एका मोटारीतला होता. ती दक्षिणेच्या वाळवंटात, खैरानच्या अलीकडे, रस्ता सोडून आत, वाळूत मिळाली होती.

"आणि माणसं?" मी विचारले.

"माणसं नव्हती. रेडिएटरची खालची तोटी उघडी होती, खाली चहाचा पेला होता. पेला चांगला होता हो. मीच वापरतो."

त्याने मला त्यातून चहा देऊ केला. मी घेतला नाही.

घरी येऊन मी पंप काढायला घेतला. नूरबानू दाराच्या सावलीत शिवण घेऊन बसली होती. पंप हातात आला तशी ती उठली आणि सुरई तोंडाला लावली. सुरई संपली. मग हंडा. तिचे ओठ माझ्यासमोर फुटले. मी हात धरला तर तिने हिसडा दिला.

"सोडा मला! पाणी खाली जातंय, पण मला लागत नाहीये," ती म्हणाली. "ही तहान माझी नाही. मी दुसऱ्याच कुणासाठी पितेय."

मी तोच जुना पंप पुन्हा बसवला. शेवटचा बोल्ट आवळला तेव्हा तिने भांडे खाली ठेवले आणि ती तिथेच, ओल्या फरशीवर, झोपी गेली. डॉक्टरांनी ऊन लागले असे सांगितले. मी वाद घातला नाही.

तेव्हापासून मी रोज रेडिएटर भरतो. वानेट विकले नाही. घेणाऱ्याच्या घरीही माणसे असतात. हे असेच चालवले असते. पण आता त्या पंपाची बेअरिंग वाजू लागली आहे आणि दांड्यातून पाणी झिरपते. तो तुटणार. जिथे तुटेल तिथे जे माणूस जवळ असेल, त्याला ती तहान लागेल.

म्हणून उद्या शुक्रवारी मी वानेट घेऊन खैरानकडे, भंगारवाल्याने सांगितलेल्या त्या जागी जाणार आहे. पंप काढून तिथेच ठेवीन. सोबत कोरा पंप, पॅकिंग आणि पाने घेतले आहेत. तो बसवल्याशिवाय परत येता येणार नाही. या उन्हात पंपाशिवाय इंजिन थोडेही टिकत नाही.

कमाल आता हसत नाही. आज त्याचे माझे भांडण झाले.

"मी दुसरी गाडी घेऊन येतो मागून."

"नको. तेव्हा नूरबानू जवळ होती. तिथे जवळ कोणी नको."

"तू असशील ना!"

नूरबानू पाण्याचे डबे भरत होती. भरून झाल्यावर तिने विचारले, "तुम्हाला किती लागेल, आणि त्याला किती?"

५. मी न परतल्यास शोध दिवसाउजेडी घ्यावा, आणि एकट्याने जाऊ नये. मी मिळालो तर तिथेच नमाज पढून तिथेच दफन करावे. वानेटला हात लावू नये. टायर चांगले आहेत, बॅटरी नवी आहे, म्हणून कोणाला मोह होईल. त्यातला एक बोल्टही बाजारात जाता कामा नये.

६. वारसांखेरीज इतरांना मालमत्तेचा जो तिसरा भाग मला देता येतो, त्यातून खैरानच्या रस्त्यावर वाटसरूंसाठी सबील घालावी. सावली आणि पाण्याचे माठ. त्या मोटारीतला तो तहानलेला कोण होता, कुठला होता, मला ठाऊक नाही. मृत्युपत्रात निनावी माणसाला काही ठेवता येत नाही, असे अशरफ म्हणतो. म्हणून पाण्याच्या नावाने ठेवत आहे.

७. मी परत आलो तर अंगणाचे दार लगेच उघडू नये. कमालने आतून विचारावे, पाणी पाहिजे का. नको म्हटले तर उघडावे, आणि हा कागद फाडावा. पाहिजे म्हटले तर भिंतीवरून डबा खाली सोडावा. तो संपवून मी पुन्हा मागितले तर दार उघडू नये, मी काहीही बोललो तरी. मी नूरबानूला नावाने हाक मारली तरी. मी तिला कधी नावाने हाक मारलेली नाही.

वरील सर्व मी लिहिले, पुन्हा वाचले, आणि खाली सही केली.

अब्बास इब्राहिम सोलकर
हवल्ली, कुवेत
गुरुवार, १२ जुलै १९६२

आमच्यासमोर सही झाली:
अशरफ महंमद परकार
यूसुफ हसन मुकादम

वारसांची संमती:

सर्व कलमे मान्य. सातवेही. भाईला तसे वचन दिले आहे.
कमाल इब्राहिम सोलकर

सातवे कलम सोडून मान्य. कमालभावजींनी उघडले नाही तर मी उघडीन. ती तहान मला ठाऊक आहे, त्यांना तिच्याबरोबर बाहेर ठेवणार नाही.
नूरबानू अब्बास सोलकर